पुरावा कुणाच्या कपाटात?

कोर्ट सुटले की अशील, अशील गेले की जेवण, आणि जेवणानंतर लॅपटॉप उघडून अमेरिकेतल्या एका लॉ स्कूलच्या प्राध्यापकाचे व्याख्यान. गेल्या हिवाळ्यात बारा आठवडे माझा हा क्रम होता. विषय होता इलेक्ट्रॉनिक पुरावा आणि डिस्कव्हरी. तालुका-जिल्ह्याच्या कोर्टात वीस-बावीस वर्षे काढल्यावर पुन्हा वही-पेन घेऊन बसण्याचे कारण साधे होते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे कलम 63चे प्रमाणपत्र हा आमच्या बार रूममध्ये चहाबरोबरचा विषय झाला. ‘त्यात लिहायची ही हॅश व्हॅल्यू आणायची कुठून हो?’ असे ज्येष्ठ मंडळी तरुणांना विचारू लागली. तरुणही गप्पच.

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ मजेदार होता. एखादा मजकूर घ्यायचा आणि एसएचए-256 पद्धतीने त्याची हॅश काढायची. चौसष्ट अक्षर-अंकांची एक माळ येते. मग मजकुरातला एकच स्वल्पविराम काढून पुन्हा हॅश काढायची. अख्खी माळ बदलते. मी आधी माझ्या एका जुन्या पर्सिसवर, म्हणजे कोर्टाला दिलेल्या लेखी निवेदनावर, हे करून पाहिले, मग मोबाइलवरच्या व्हिडिओवर. मूळ फाइल, आणि मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवून परत मागवलेली तीच फाइल. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण हॅश वेगळी, कारण व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करून पाठवते. ‘साहेब, पक्का पुरावा आहे’ म्हणून अशील जे मोबाइलवर दाखवतो, ते बहुतेक वेळा असे चार जणांच्या हातून दाबून आलेले असते. आपल्या कायद्याच्या अनुसूचीतल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात एसएचए-1 आणि एमडी-5 हेही पर्याय छापले आहेत. वेगवेगळ्या दोन फाइलींची हॅश एकच आणता येते, हे एमडी-5च्या बाबतीत 2004 मध्ये आणि एसएचए-1च्या बाबतीत 2017 मध्ये संशोधकांनी करून दाखवले होते. 2023च्या कायद्यात ते तरीही का आले, देव जाणे.

इथवर मी खुशीत होतो. चौथ्या आठवड्यात डिस्कव्हरी सुरू झाली आणि खुशी गेली.

अमेरिकेत दिवाणी दाव्यात साक्षीपुरावा सुरू होण्याच्या कितीतरी आधी दोन्ही बाजूंना वादाशी संबंधित कागद, ईमेल, संगणकातल्या नोंदी एकमेकांपुढे मांडाव्या लागतात. तिथल्या फेडरल दिवाणी नियमांत संगणकात साठवलेल्या माहितीचा स्पष्ट उल्लेख 2006 मध्ये आला. दावा होणार अशी चाहूल लागली की काही पुसायचे नाही, हे बंधन तिथे गृहीतच असते. झुबुलेक विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या प्रकरणात बँकेकडून ईमेल नाहीसे झाले, तेव्हा न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ज्युरीला त्यावरून बँकेविरुद्ध अनुमान काढण्याची मोकळीक दिली. 2005 मध्ये ज्युरीने 2 कोटी 90 लाख डॉलरहून जास्त भरपाई सांगितली. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. बडा पक्ष लहान पक्षाच्या अंगावर लाखो पानांचा ढीग ओततो, तो उपसायला वकिलांची फौज लागते, आणि त्या खर्चाच्या धास्तीने माणसे तडजोड करून मोकळी होतात. प्राध्यापकांनीही हे लपवले नाही.

पण व्याख्यान ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे एक पेट्रोल पंप होता. त्या दिवसांत माझ्याकडे अपघात-भरपाईचे एक प्रकरण चालू होते. ट्रकची दुचाकीला मागून धडक बसली आणि दुचाकीवरचा माणूस जागीच गेला. ट्रकवाला म्हणतो, दुचाकीच आडवी आली. समोर पंप, पंपावर कॅमेरा. त्याच्या पत्नी माझ्याकडे आल्या त्या दिवसकार्य होऊन महिना झाल्यावर. त्यांच्या भाच्याने मात्र दुसऱ्याच दिवशी पंपावर जाऊन व्यवस्थापकाच्या पडद्याचे मोबाइलने चित्रीकरण करून ठेवले होते. चाळीस सेकंदांचे. त्यात रस्त्यापेक्षा केबिनमधल्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब जास्त दिसते. अर्ज, समोरच्यांचा से म्हणजे लेखी म्हणणे, समन्स हे सगळे होईपर्यंत डीव्हीआरची डिस्क भरून जुन्यावर नवे चढले होते. प्रमाणपत्राच्या ‘भाग अ’वर सही मागायला गेलो तर व्यवस्थापक हात जोडून म्हणाला, ‘वकीलसाहेब, माझ्याकडे आता काहीच नाही, मी सही कशावर करू?’ त्याचे चुकले नाही. भाच्याने आपल्या मोबाइलपुरते प्रमाणपत्र दिले, पण ते पडद्याच्या चित्रीकरणाचे, रस्त्याचे नव्हे. ‘भाग ब’वर तज्ज्ञाची सही लागते. तालुक्याला तज्ज्ञ कोण, मोबाइल दुरुस्त करणारा?

हॅश म्हणजे काय हे त्या वेळी मला पुरते ठाऊक होते. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, कारण हॅश काढायला आधी फाइल हातात लागते.

आपल्या न्यायालयांनी या विषयावर कमी डोके चालवलेले नाही. जुन्या साक्ष कायद्यातले प्रमाणपत्राचे कलम 65ब 2000 साली आले. प्रमाणपत्राशिवाय चालेल असे सर्वोच्च न्यायालय 2005 मध्ये म्हणाले, चालणार नाही असे 2014 मध्ये, कधीकधी चालेल असे 2018 मध्ये. अखेर पडदा पडला तो आपल्याच जालन्याच्या प्रकरणात. 2014ची विधानसभा निवडणूक, मताधिक्य 296. वाद असा की विजयी उमेदवार अर्जुन खोतकर यांचा अर्ज 27 सप्टेंबरला दुपारी 3च्या आत आला की नंतर. निवडणूक कार्यालयातलेच कॅमेरे ते सांगणार होते. पराभूत उमेदवार, माजी आमदार कैलास गोरंट्याल यांच्या बाजूला सीडी मिळाल्या, पण वारंवार मागूनही प्रमाणपत्र काही मिळेना. औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूक रद्द ठरवली. 14 जुलै 2020ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ उपकरण हजर केले नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्यच. मात्र पक्षकाराने शक्य ते सारे करूनही अधिकारी देत नसतील, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करत नाही. तोवर ती विधानसभा मुदत पुरी करून गेली होती.

या निकालाची चर्चा सगळीकडे ‘प्रमाणपत्र अनिवार्य’ एवढ्यावरच होते. मला त्यातली दुसरी बाजू मोठी वाटते. माजी आमदाराला सरकारी कार्यालयातून एक सही मिळवता आली नाही. तिथे माझ्या अशील बाईंची काय कथा? वीस वर्षे आपण नक्कल कोर्टात चालेल की नाही यावर भांडलो. मूळ ज्याच्या कपाटात आहे त्याने ते जपावे आणि मागितले की द्यावे, याकडे मात्र पाठ केली. नव्या कायद्याने प्रमाणपत्रावर आणखी एक सही वाढवली, जपण्याबद्दल तो काही बोलत नाही.

कायद्यात अधिकारच नाहीत असे मात्र नाही. अपघात दावा न्यायाधिकरणाला दस्तऐवज हजर करायला लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम 169ने दिला आहे. हाती असलेला पुरावा दडवला तर तो दडवणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा होता असे धरता येते. पण पंपवाला माझ्या प्रकरणात पक्षकारच नाही, त्याच्याविरुद्ध धरून करायचे काय? गंमत पुढेच आहे. 3 लाख रुपयांपासून पुढच्या व्यापारी वादाला 2015चा वाणिज्य न्यायालय कायदा लागतो. त्यात स्वतःच्या बाजूचे आणि विरुद्ध जाणारे, दोन्ही कागद आपणहून उघड करावे लागतात, इलेक्ट्रॉनिक नोंदींसह. म्हणजे सिमेंटच्या पोत्यांचे बिल थकले तर ही सोय आहे, आणि नवरा गेला तर नाही.

इंग्लंडची गोष्टही आमच्या अभ्यासात होती. संगणक नीट चालत होता हे फौजदारी खटल्यात सिद्ध करण्याची अट त्यांनी 1999च्या कायद्याने काढली आणि यंत्र बरोबरच असते असे गृहीत धरले. त्याच सुमारास तिथल्या टपाल खात्यात होरायझन ही हिशेबाची प्रणाली आली, आणि तिने दाखवलेल्या तुटीवरून पुढच्या वर्षांत 900हून अधिक उप-पोस्टमास्तर दोषी ठरले. प्रणालीतल्या ज्ञात चुकांच्या अंतर्गत नोंदी टपाल खात्याला कोर्टापुढे उघड कराव्या लागल्या, तेव्हा कुठे 2019 मध्ये न्यायाधीश फ्रेझर यांच्या निकालाने प्रणालीचे पितळ उघडे पडले. त्या नोंदी होत्या वर्षानुवर्षे. फक्त दुसऱ्याच्या कपाटात होत्या.

आपल्याला अमेरिकेचा ढीग नको. पोलीस ठाण्यांतले कॅमेऱ्यांचे चित्रण 18 महिने, आणि ते शक्य नसेल तर किमान वर्षभर जपा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सांगितलेच आहे. लेखी मागणी पोहोचल्यावर त्या तासाचे चित्रण पुसायचे नाही, एवढा एक नियम पंप, दवाखाने, सोसायट्या आणि टोलनाके यांना लावायला कोणती अडचण आहे?

तो होईल तेव्हा होवो. तोवर वाचकांना एक विनंती. जवळच्या माणसाला अपघात झाला तर व्हिडिओ गटागटांत फिरवत बसू नका. जिथे कॅमेरा दिसेल त्या मालकाला त्याच दिवशी पत्र द्या: तारीख, वेळ, कोणता कॅमेरा, आणि ‘हे चित्रण जपून ठेवावे’. पोहोच घ्या. वकील नंतर शोधला तरी चालेल.