संध्याकाळी सातचा पत्ता

दारू सोडून नुकत्याच घरी आलेल्या माणसाला सकाळ फारशी जड जात नाही. स्वच्छ दाढी, इस्त्रीचा शर्ट, घरच्यांचे निवळलेले चेहरे, सगळं त्याच्या बाजूनं असतं. खरी कसोटी संध्याकाळी. काम सुटतं, पाय सवयीनं त्याच रस्त्याला वळतात, वाइन शॉपसमोरच्या गाडीवर चकण्याचे शेंगदाणे परतले जात असतात आणि तिथूनच कुणीतरी हाक मारतं, "काय शेठ, बरेच दिवस दिसला नाहीत!" उपचार केंद्रात महिनाभर ऐकलेलं सगळं त्या एका हाकेपुढे अपुरं पडू शकतं.

अशा वेळी घरची शपथ किती पुरते? मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथा आपण मोडताना पाहिल्या आहेत. आपल्याकडे माळ घालून दारू सुटलेली माणसंही आहेत, त्यांचं श्रेय कुणी नाकारू नये. पण मला वाटतं, त्यातलं निम्मं श्रेय माळेचं आणि निम्मं देवळातल्या भजनाचं. नेमकी तीच वेळ, तीच तलफ. पण हातात टाळ असतो आणि शेजारी ओळखीची चार माणसं.

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए.ए.) या संघटनेचा जन्मही अशाच एका कठीण वेळेच्या पोटी झाला. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आलेला. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि काम फिसकटलेलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बारमधला हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला गावातल्या चर्चची यादी. तो यादीकडे गेला आणि फोन फिरवत राहिला. त्याला उपदेशक नको होता. त्याच गावातला, आपल्यासारखाच दारूनं गांजलेला माणूस हवा होता. दुसऱ्या दिवशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. पाव तासापेक्षा जास्त बसणार नाही असं बजावून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले. १० जून १९३५ ही डॉक्टरांनी शेवटचा प्याला घेतल्याची तारीख, आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस मानतात. न्यूयॉर्कमधले हितचिंतक त्या क्षणी बिलच्या कामाचे नव्हते. जवळचा माणूस हवा होता.

दारूचं दुकान कुठे आहे हे गावात कुणाला विचारावं लागत नाही. दारू सोडलेली माणसं कुठे बसतात हे मात्र शोधावं लागतं, कारण ती स्वतःची जाहिरात करत नाहीत. ए.ए.च्या समूहाची मीटिंग भरते ती बहुधा एखाद्या शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या हॉलमध्ये. मुलांच्या बाकांवर गुडघे अवघडून बसलेली मोठी माणसं, कपात चहा. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो आणि म्हणतो, "मी अल्कोहोलिक आहे." मग आपलीच गोष्ट सांगतो: पगाराच्या दिवशी काय झालं, बहिणीच्या लग्नात काय झालं. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. शेवटी पैशांसाठी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्यानं टाकावं. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा.

तरी पाऊल अडतं, आणि अडतं ते लाजेपोटी. गटारीला हा माणूस चौकात आडवा पडलेला सगळ्या आळीनं पाहिलेला असतो, त्याचं काही नाही. पण मीटिंगच्या दारात कुणी पाहिलं तर? बायकांची अडचण तर याहून मोठी, त्यांचं पिणंच घरात दडवलेलं असतं. ज्यांना गावात जायचा संकोच वाटतो त्यांनी सुरुवातीला खुशाल शेजारच्या गावातला समूह गाठावा. पुढे मात्र घराजवळचा असलेला बरा. दोन बस बदलून जायची मीटिंग पहिल्या पावसात सुटते.

घरच्यांसाठीही जागा आहेत. बिलची पत्नी लोइस हिच्या पुढाकारानं १९५१ मध्ये अल-अ‍ॅनॉन सुरू झालं. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेणाऱ्यांच्या पत्नींचा 'सहचरी' गट आहे. पिणारा तयार नसला तरी बायकोनं, आईनं आपल्यापुरतं जायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी बंद केलं तर हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असं काहीही होऊ शकतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. तिथं आधी डॉक्टर, मग समूह. एकाचं काम दुसरा करत नाही.

पत्ता हवा असेल तर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या समाजसेवकाला विचारा, किंवा केंद्र सरकारच्या १४४४६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा. वार आणि वेळ आधी विचारून घ्या. संध्याकाळची मीटिंग मिळाली तर उत्तम. पहिल्या समूहात मन रमलं नाही तर दुसरा पाहा, माणसं सगळीकडे सारखी नसतात. आणि तुमच्या घरातलं कुणी पहिल्यांदा निघालं असेल तर दारापर्यंत सोबत जा. आत मात्र त्याला एकट्याला जाऊ द्या, आणि परत आल्यावर काय बोलणं झालं ते विचारू नका.