अतिथीची तिथि

सहलीचा बेत हा नीतिशास्त्राचा विषय आहे असें कोणीं म्हटलें असतें, तर गेल्या दिवाळीपर्यंत आम्हांस हंसूं आलें असतें. कोठें जावयाचें, केव्हां निघावयाचें, काय शिजवावयाचें, यांत धर्माधर्माचा विचार तो काय असणार? परंतु साखरा येथील आमच्या घरीं दिवाळींत जो एक बेत झाला, त्यानें आमचा हा समज पार बदलून टाकला. त्या वेळीं मनांत आलेले विचार वाचकांपुढें मांडावे, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

पुण्यास राहणारीं आमचीं पुतणे-भाचरें या खेपेस एक हौस घेऊन आलीं होतीं. सर्वांनीं मिळून तळ्याच्या कांठीं, लांकडी झोंपडींत दोन रात्री काढावयाच्या! पवना जलाशयाच्या कांठीं हल्लीं तंबूंच्या रांगा लागतात, त्यांचीं चित्रेंही त्यांनीं दाखविलीं. आम्ही म्हटलें, त्यासाठीं मावळांत कशाला जावयास पाहिजे? आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या शिवेवर पूर्णा नदीचा येलदरी जलाशय पसरला आहे. त्याच्या कांठीं आमच्या एका स्नेह्याचें शेत असून शेतांत आखाडा आहे. झोंपडीहून तो काय वाईट? झालें, बेत ठरला. पौषांत जावें, तेव्हां पाणी भरपूर असतें, थंडी गोड असते आणि ज्वारी हुरड्यास आलेली असते. कागदावर यादी उतरली: घोंगड्या, कंदील, तवा, शेंगदाण्याची चटणी, माणसें अकरा. या अकरांत आमच्या काकूंचें नांव नव्हतें. वय ऐंशीच्या घरांतलें, गुडघे धरलेले, थंडी सोसवणार नाहीं, असें आम्हीच परस्पर ठरवून टाकलें होतें.

यादी वाचून होते तोंच ओसरीवरून काकूंनीं विचारलें, "येलदरीला चालले का रे? मंग मला बी न्या. पण न्यायचंच असल त वैशाखात न्या. आता काय दिसतंय तिथं? नुसतं पाणी!"

काकूंचें माहेर त्या पाण्याखालीं आहे. ही गोष्ट आम्हांस लहानपणापासून ठाऊक होती. आणि तरीही यादी करतांना ती एकदांही आठवली नाहीं. येलदरी व तिच्या खालच्या अंगाचें सिद्धेश्वर हीं दोन्ही धरणें १९६८ सालीं पुरीं झालीं. काकू त्यापूर्वींच लग्न होऊन साखऱ्यास आल्या होत्या. पाठीमागें गांव उठला, माणसें चहूंकडे पांगलीं, आणि माहेरपण हा शब्द त्यांच्यापुरता संपला. वैशाखांत पाणी उतरलें म्हणजे कांहीं वर्षीं गांवची पांढरी उघडी पडते, असें त्यांच्या कानांवर आहे. ती एकदां पाहावी, एवढीच त्यांची इच्छा.

धरण बांधण्यांत अन्याय झाला असें आम्ही म्हणत नाहीं. येलदरीच्या वीजकेंद्राची शक्ति साडेबावीस मेगावॅट आहे. सिद्धेश्वराच्या कालव्यांनीं परभणी, हिंगोली व नांदेड या जिल्ह्यांतील शेतें भिजतात. बेंथॅमच्या मापानें मोजलें तर सुखाचें पारडें खास जड भरेल. परंतु बेरीज बरोबर आली म्हणजे देणें फिटलें, असें व्यवहारांतही कोणी मानीत नाहीं. मनुष्यास केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें कांटनें सांगितलें. त्यांतील 'केवळ' हा शब्द महत्त्वाचा आहे. धान्यासाठीं व दिव्यासाठीं त्या गांवांकडे त्याग मागितला गेला. आमच्या सहलीसाठीं तो कोणीं मागितला नव्हता. कांठावरचा गार वारा आणि पाण्यांतलें चांदणें हा त्या त्यागावर आम्हांस मिळालेला वरकड लाभ आहे, आणि ज्यांच्यामुळें तो मिळाला त्यांनाच आम्ही यादींतून वगळलें होतें.

यावर एका चतुर भाच्यानें तोड काढली: मग लोणारास जाऊं, तें सरोवर उल्कापातानें झालेलें, तेथें बुडालेल्या गांवाचें देणें नाहीं! तोड नामी खरी, पण लोणार हें अभयारण्य आहे. २०२० सालीं रामसर यादींतही त्याची नोंद झाली. तेथें कांठावर चूल मांडून राहणें शोभणार नाहीं. शिवाय निष्कलंक पाणी हुडकीत फिरणें ही पळवाटच होय. महाराष्ट्रांतील मोठे जलाशय बहुतेक धरणांचेच आहेत. ज्या मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं मावळ्यांनीं सत्याग्रह केला, त्याच मुळशीच्या कांठीं आज लोक विश्रांतीस जातात. दुसरीकडे गेल्यानें ऋण फिटत नाहीं. तें विसरणें मात्र सोपें होतें.

मग करावें काय? शतपथब्राह्मणांत मनुष्याचीं चार ऋणें सांगितलीं आहेत. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण यांच्या जोडीला तेथें मनुष्यऋणही आहे, आणि तें आतिथ्यानें फेडावें असें म्हटलें आहे. येलदरीच्या कांठीं या नात्याची उलटापालट होते. तेथें यजमान तीं उठलेलीं माणसें, आणि आम्ही त्यांचे पाहुणे. पैसे मोजून तंबू घेणारा स्वतःस त्या कांठाचा घटकाभर धनी समजतो. पाहुणा तसें समजत नाहीं. तो घर कोणाचें हें विचारून घेतो आणि यजमानाच्या सोयीनें येतो. ज्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी व्युत्पत्ति आपण देतों. तिचा अर्थ आम्हांस या वेळीं नव्यानें कळला. पाण्यानें भरलेला देखावा पाहण्यासाठीं आम्ही आमची तिथि ठरविली होती. काकूंची तिथि पाणी ओसरण्याची.

कोणी म्हणेल, लेंकरांच्या आनंदावर हें ओझें कशाला? प्रत्येक दगडाखालीं कोणाचें तरी दुःख असतें. तें उकरीत बसलें तर जगणें अशक्य होईल. आक्षेप खोटा नाहीं. आम्हीही मुलांनीं कांठावर बसून रडावें असें म्हणत नाहीं. त्यांनीं पोहावें, हुंदडावें, रात्रीं नक्षत्रें मोजावीं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर लोक पीक घेतात, त्यास गाळपेर म्हणतात. तीही त्यांनीं पाहावी. मात्र आपण कोणाच्या अंगणांत खेळतों हें त्यांस ठाऊक असावें. घराच्या मालकिणीस ओळखणाऱ्या पाहुण्याचा आनंद त्यामुळें उणावतो, असा आमचा अनुभव नाहीं.

पौष उलटून गेला. हुरडा आम्ही साखऱ्याच्याच शेतांत खाल्ला. मुलें थोडी हिरमुसलीं. वैशाखाच्या उन्हांत तळ्याकांठीं कोण जातो, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे, आणि त्यावर पहांटे निघावें यापलीकडे आमच्यापाशीं उत्तर नाहीं. यंदा पाणी पुरेसें उतरेल कीं नाहीं, हेंही आज सांगतां येत नाहीं. न उतरलें तर काकूंना आणखी एक वर्ष वाट पाहावी लागेल, आणि त्यांचें वय पाहतां हा विचार आम्हांस सुखाचा वाटत नाहीं. यादी नवी केली आहे. घोंगड्यांच्या जागीं पाण्याची सुरई व छत्र्या आल्या, आणि माणसें बारा झालीं. पहिलें नांव काकूंचें आहे. तारखेची जागा मात्र कोरी ठेविली आहे.