पुंडलिक ऊसतोडीला गेला तर

लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस एक ठराव केला. जो कर्मचारी आईवडिलांना सांभाळत नाही, त्याच्या पगारातून ३० टक्के कापायचे आणि ते थेट आईवडिलांच्या खात्यावर टाकायचे. १२ जणांविरुद्ध तक्रारी आल्या, त्यांत शिक्षकही होते. काहींनी नोटीस हातात पडताच घरी तडजोड केली, काहींचा पगार खरोखर कापला गेला. मी तेव्हा नांदेड जिल्ह्यात, कंधार तालुक्यात आरोग्य सेविका होते. मला तो ठराव पटला आणि आजही पटतो. महिन्याच्या महिन्याला पगार उचलणाऱ्याने आईला उपाशी ठेवावे, हे कुठल्याच धर्मात बसत नाही. पण एक प्रश्न तेव्हापासून मनात घर करून आहे. आईवडिलांची सेवा हे कर्ज आहे का? कर्ज असेल, तर टक्केवारी लावून वसूल करता येईल. नसेल, तर मग ती काय आहे?

पितृऋण हा शब्द आपण सप्ताहात, लग्नात, तेराव्याला सहज बोलून जातो. जुन्या ग्रंथांत त्याचा हिशोब निराळा आहे. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणे सांगितली आहेत. ऋषींचे अध्ययनाने फिटते, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे संतती वाढवून. म्हणजे मागच्या पिढीचे देणे पुढच्या पिढीच्या पदरात घालायचे. अंथरुणाला खिळलेल्या बापाची कूस बदलणे या हिशोबात कुठे येत नाही.

ते येते पंढरीच्या कथेत. पुंडलिक आधी आईवडिलांना छळणारा पोरगा होता, हे आपण विसरतो. पालटल्यावर तो त्यांच्या सेवेत असा बुडाला, की देव दारात आला तेव्हा त्याने वीट फेकली आणि थांबायला सांगितले. तो काही फेडत बसला नव्हता. त्या घडीला बापाला काय हवे आहे याकडे त्याचे सगळे चित्त होते, आणि त्यापुढे देवाचे येणेही थांबू शकत होते. माझ्या लेखी सेवा म्हणजे हे चित्त. पगारातून ते कापून घेता येत नाही. पैसा येतो आणि यायलाच हवा. रात्री मोरीपर्यंत धरून नेणारा हात त्यातून आपोआप येत नाही.

मग मोजमाप सोडूनच द्यायचे का? मुळीच नाही. उलट माझी तक्रार अशी, की आपण नको ते मोजतो. मुलगा चांगला की वाईट, सून कशी, याचा पंचनामा अख्खे गाव करते. म्हाताऱ्या माणसाला नेमके काय जमत नाही, हे कुणी विचारत नाही. आशाताई घरोघरी जी तपासणी यादी भरतात, तिच्यात साठीपुढच्यांसाठी मोजके प्रश्न आहेत. उभे राहताना, चालताना तोल जातो का? जेवण, अंघोळ, कपडे, शौचास जाणे यांत दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावे, घरचा पत्ता विसरायला होते का? अमेरिकेतल्या सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली अशाच रोजच्या सहा कामांवरून वृद्धाची परस्वाधीनता मोजण्याची रीत मांडली. आमच्या यादीतले प्रश्न त्याच वाटेचे आहेत. मला हे प्रश्न कोरडे कधी वाटले नाहीत. पुंडलिकाच्या मनात तरी दुसरे काय असणार?

फक्त विचारणाऱ्याला थांबता आले पाहिजे. एका वाडीवरची आजी मला आठवते. प्रत्येक प्रश्नाला तिचे एकच उत्तर, “न्हाई बाई, माझं मी करते.” नेसूचे लुगडे मागून ओले होते. मी यादी मिटली आणि नुसती बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “रातच्याला उठवत न्हाई माय. कुनाला हाक मारावं?” तपासणी तिथून सुरू झाली. खाटेजवळ भांडे आले, भिंतीला धरायला बांबू बसला, शेजारची मुलगी रात्री तिच्याकडे झोपायला येऊ लागली.

घेण्याची ही लाज आमच्या म्हाताऱ्यांच्या हाडात मुरलेली असते. हीच माणसे नांदेडला हुजूर साहिबला गेली, की लंगरच्या पंगतीत निर्धास्त बसतात. १७०८ साली गुरू गोबिंदसिंगांनी जिथे देह ठेवला, त्या ठिकाणी वाढणारा अनोळखी आणि शेजारचाही अनोळखी असतो, पण पुढे हात करताना कुणाची मान खाली जात नाही. कारण तिथे सगळेच घेणारे असतात आणि घेणाऱ्याला उपकाराची आठवण कुणी देत नाही. घरातली खाट त्या पंगतीइतकी सोपी व्हावी, एवढेच मला धर्माकडे मागायचे आहे.

आता अवघड भाग. पुंडलिक घरी होता. कंधार, मुखेड, लोह्याच्या वाड्या-तांड्यांवरचा पुंडलिक दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल फेडायला बायकोसह कोयता घेऊन ऊसतोडीला निघून जातो. मागे म्हातारी आणि शाळेतली नातवंडे उरतात. त्याच्या कुठल्या पगारातले ३० टक्के कापणार? तो नालायक नाही. त्याला जावे लागते. २००७ चा निर्वाह कायदा आहे. प्रांताकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही, १०,००० रुपयांपर्यंत महिना मंजूर होऊ शकतो. जमीन लिहून घेऊन पाठ फिरवणाऱ्या मुलासाठी हा कायदा फार कामाचा आहे. ऊसतोड्याच्या आईला मात्र मुलावर दावा लावायचाच नसतो. तिला कुणीतरी जवळ हवे असते.

तिच्यासाठी सोयी नाहीत असेही नाही. श्रावणबाळ योजनेचे पैसे बँकेत येतात, रक्तदाबाच्या गोळ्या उपकेंद्रात मिळतात, मोतीबिंदू तपासायला शिबिर भरते, सत्तरीपुढच्यांना ५ लाखांच्या उपचाराचे आयुष्मान कार्ड आहे. पण बँक एकीकडे, दवाखाना दुसरीकडे, हयातीचा दाखला तिसरीकडे. अंगठा उमटला नाही की पैसे अडतात, पैसे अडले की तालुक्याच्या गाडीचे भाडे नसते, भाडे नसले की डोळा राहतो. या सगळ्याचा मेळ घालणे हे कुणाच्याच नेमणुकीच्या पत्रात लिहिलेले नाही. एखादी आशाताई ते करते, एखादी शेजारीण करते. बऱ्याच घरी कुणीच करत नाही. हा मेळ घालणे ही आजच्या काळातली पुंडलिकाची सेवा आहे असे मी मानते. ती करायला पोटचा मुलगाच हवा असेही नाही.

म्हणून माझी सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि सप्ताह बसवणाऱ्या मंडळींना विनंती आहे. टोळ्या निघण्याआधी, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांची यादी वाचा. प्रत्येकाला काय जमत नाही ते आशाताईंकडून त्यापुढे लिहून घ्या आणि प्रत्येक नावासमोर गावातल्या एका माणसाचे नाव घाला. ते नाव घालायला पुढे कोण येतो, हे त्याच सभेत विचारा.