नागसेनाचा रथ आणि आमची ओपीडी

आमच्याकडे कुठलंही प्रशिक्षण असो, पहिल्या तासाला हत्ती येतोच. पडद्यावर सहा आंधळे, मधोमध हत्ती. कुणी सोंडेला साप म्हणतो, कुणी पायाला खांब. मग प्रशिक्षक विचारतात, "यातून आपण काय शिकलो?" आणि चहाची वाट पाहणारं सभागृह एका सुरात म्हणतं, "टीमवर्क!"

मी स्पीच थेरपिस्ट आहे. मराठवाड्यातल्या एका डीईआयसीत, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काम करते. अलीकडे अशा प्रशिक्षणांत मलाही माईक धरावा लागतो. माझ्या तासातून हत्ती मी काढून टाकलाय. अपंग मुलांसोबत काम करणाऱ्यांनाच शिकवायचं आणि अज्ञानाचा नमुना म्हणून आंधळी माणसं दाखवायची, हे तिथे कुणाला खटकत कसं नाही, याचं मला नवल वाटतं. शिवाय ती गोष्टच मला पटत नाही. पाली उदानात ती येते तेव्हा श्रावस्तीचा एक राजा जन्मांध माणसं गोळा करवतो, त्यांना हत्ती चाचपायला लावतो आणि ती गुद्द्यांवर आली की बघून खूश होतो. जैनांनी हीच गोष्ट अनेकांतवाद समजावायला घेतली. दोन्हीकडे अख्खा हत्ती दिसणारा कुणीतरी असतो. इथे राजा, तिथे सर्वज्ञ केवली. आमच्या केंद्रात अख्खं मूल कुणाला दिसतं? असा माणूस मी तरी अजून पाहिला नाही, आणि आपणच तो आहोत असं वाटणारे मात्र पुष्कळ पाहिलेत.

म्हणून मी हत्तीच्या जागी रथ आणला. तो घरातलाच होता. माझे वडील औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकले. बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेलं ते कॉलेज, आणि त्या सगळ्या परिसराचं नाव नागसेनवन. वडील म्हणायचे, "जिंकला त्याच्या नावाचं रान, हरला त्याच्या नावाचं कॉलेज. शिकायचं असंल तर हरणाऱ्याच्या बाजूला नाव लिहावं लागतं."

मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. मिलिंदपञ्ह हा पाली ग्रंथ म्हणजे त्याचे प्रश्न आणि भिक्खू नागसेनाची उत्तरं. त्यात सुरुवातीलाच नागसेन म्हणतो, मला नागसेन म्हणतात खरे, पण ते नुसतं नाव; त्यामागे कुणी 'मी' सापडत नाही. राजा त्याला कोंडीत पकडतो. केस म्हणजे नागसेन का? नखं? दात? संवेदना? मग नागसेन उलटून विचारतो, महाराज, आपण इथवर कसे आलात? रथातून. मग दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? यांतलं एकही नाही, यांची बेरीजही नाही, आणि यांच्यावाचून वेगळाही काही नाही. मग आपण आलात कशातून? राजा विचार करून म्हणतो, दांडी, आस, चाकं यांच्या आधाराने 'रथ' हे नाव वापरलं जातं, इतकंच. नागसेन म्हणतो, बरोबर ओळखलंत; माझंही तसंच.

आता आमची फाईल उघडून बघा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची फिरती पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाऊन मुलं तपासतात आणि संशय आला की आमच्याकडे पाठवतात. आमच्याकडे कागदावर सगळे आहेत: बालरोगतज्ज्ञ, फिजिओ, मानसशास्त्रज्ञ, स्पेशल एज्युकेटर, ऑप्टोमेट्रिस्ट, सोशल वर्कर, मी. प्रत्येकाची खोली वेगळी, रकाना वेगळा. मूल कॉरिडॉरभर फिरतं आणि संध्याकाळी फाईल जाड होते. स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी इसा ही भारतीय मोजपट्टी लावतात. ४० बाबी, प्रत्येकीला १ ते ५ गुण. बेरीज ७० च्या खाली राहिली तर स्वमग्नता नाही. ही बेरीज मला टाकाऊ वाटत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याचे लाभ, यूडीआयडी कार्ड, निरामय विमा हे सगळं त्या आकड्यावर उभं आहे, आणि आईला बसच्या सवलतीसाठी 'नुसतं नाव आहे' असं सांगून भागत नाही. पण बेरीज झाली म्हणजे मूल समजलं, असं जेव्हा आमच्यातलाच कुणी मानायला लागतो तेव्हा मला दांडी, आस, चाकं आठवतात.

चाक तर अगदी खरंखुरं आठवतं. साडेचार वर्षांचा एक मुलगा यायचा. हातात प्लॅस्टिकचा ट्रॅक्टर, उलटा धरलेला, आणि मागचं मोठं चाक बोटाने सतत फिरतं. बोलणं नाही, हाकेला ओ नाही. मानसशास्त्रज्ञांच्या कागदावर ते चाक 'तेच तेच करण्याचं वर्तन' म्हणून गेलं. बाहेरून येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने लिहिलं, डोळ्यांना उद्दीपन हवंय. फिजिओचं लक्ष तो पाय इंग्रजी डब्ल्यूसारखे मागे दुमडून बसतो याकडे. मी लिहिलं, चाकावरून नजर उचलून समोरच्या माणसाकडे नेता आली तर संवादाला जागा आहे. चारही बरोबर होतं, आजही बरोबर आहे.

त्या महिन्यात आम्ही एक नवी पद्धत शिकत होतो, तिला अरीना असेसमेंट म्हणतात. मुलाला खोल्या-खोल्यांतून न फिरवता सगळ्यांनी एकाच चटईभोवती बसायचं, एकानेच मुलाशी खेळायचं, बाकीच्यांनी बघायचं आणि आईशी बोलायचं. खेळायची पाळी फिजिओची होती. सोशल वर्कर आईला विचारत होती, घरी दिवस कसा जातो. आई म्हणाली, "मी कुकर खाली काढला की ह्याचं चाक सुरू. शिट्टीच्या आधीच. शिट्टी झाली, गॅस बंद केला, की ठिवतो." म्हणजे चाक ही त्या पोराची तयारी होती. कानठळ्या बसवणारं काहीतरी येणार आहे हे त्याला कळत होतं, आणि ते सोसायला त्याने स्वतःच एक साधन शोधलं होतं. ते मोडायचं की तसंच ठेवून शिट्टीची सूचना देणारं चित्रकार्ड त्याच्या हाती द्यायचं, यावर मग आमची अर्धा तास खडाजंगी झाली. कार्ड जिंकलं. मानसशास्त्रज्ञांना ते आजही पूर्ण पटलेलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे: शाळेत कुकर नसतो, तिथे चाक कशासाठी फिरतं?

ही खडाजंगी होऊ शकली हेच खरं तर प्रशिक्षणाचं फळ. मिलिंद वाद घालायला येतो तेव्हा नागसेन त्याला विचारतो, पंडितवादाने बोलणार की राजवादाने? पंडित बोलतात तेव्हा एकमेकांचं म्हणणं उलगडतात, खोडतात, हरतात आणि रागावत नाहीत. राजा एक भूमिका घेतो आणि जो विरोध करेल त्याला दंड सांगतो. नागसेन म्हणतो, पंडितवादाने बोलणार असाल तर बसा. राजा कबूल करतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथाने सरकारी दवाखान्यातल्या केस कॉन्फरन्सचं इतकं नेमकं वर्णन करून ठेवावं याची मला गंमत वाटते. मोठे डॉक्टर खुर्चीत बसून "ऑटिझमच आहे, थेरपी सुरू करा" म्हणाले की स्पेशल एज्युकेटर आपली वही मिटते. तिने मुलाला वर्गात तीन महिने पाहिलेलं असतं. तिला कुणी दंड करणार नसतो, तरी ती वही मिटते.

यात माणसांच्या स्वभावापेक्षा घडणीचा दोष जास्त आहे. डॉक्टरांची परिषद वेगळी. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची महाराष्ट्रात वेगळी. मी आणि स्पेशल एज्युकेटर भारतीय पुनर्वास परिषदेत. शिकताना चार-पाच वर्षं आम्ही एकमेकांचा वर्गसुद्धा पाहत नाही. मग एका मुलासमोर आम्हाला एकत्र आणून म्हणतात, समन्वय साधा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये यावर एक आराखडा काढला. त्याचा गाभा असा की वेगवेगळ्या पेशांनी एकमेकांबद्दल, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकायचं. 'बद्दल' सोपं आहे, एका भाषणात होतं. अडतं ते 'कडून'पाशी. फिजिओने मला सांगितलं की मूल नीट टेकून बसलं नाही तर त्याच्या तोंडातून आवाज यायची अपेक्षा करू नका, तेव्हा माझ्या विषयातली एक गोष्ट मला दुसऱ्या पेशाकडून घ्यावी लागली. आणि मी माझं काम अंगणवाडी सेविकेच्या हाती देते तेव्हा 'माझा पेशंट' या शब्दांतला 'माझा' सैल करावा लागतो. नागसेनाने रथ मोडून दाखवला तो स्वतःबद्दल बोलण्यासाठी, हे आपण विसरतो. मुलाचे तुकडे पडतात म्हणून हळहळायला सगळे तयार असतात. 'स्पीच थेरपिस्ट' हेही एक वापरायचं नाव आहे, हे मानायला कुणी तयार नसतं. मीही रोज तयार असते असं नाही.

पण आया हे प्रश्न विचारत नाहीत. त्या विचारतात, "मॅडम, कोणत्या जन्माचं पाप ओ हे?" तेव्हा खोलीतले सगळे एकदम छताकडे बघतात, कारण हे कुणाच्याच अभ्यासक्रमात नसतं. मी बौद्ध घरातली, म्हणून माझ्याकडे तयार उत्तर असेल असं सहकाऱ्यांना वाटतं. तयार नाही. मज्झिमनिकायात सुभ नावाचा तरुण विचारतो, कुणी अल्पायुषी, कुणी रोगी असं का, तेव्हा उत्तर कर्माचंच आहे. पण संयुत्तनिकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक विचारतो की सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच का, तेव्हा बुद्ध आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, तिघांचा संयोग, ऋतुबदल, आहारविहारातली विषमता, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्म. सगळं कर्मामुळेच म्हणणारे आपल्याला माहीत असलेल्याच्या पलीकडचं बोलतात, असंही सांगतात. मिलिंदपञ्हात नागसेन हीच यादी घेऊन म्हणतो की कर्मातून आलेलं थोडं, बाकीचं जास्त. बाबासाहेबांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'मध्ये तर गेल्या जन्माच्या कर्माचं ओझं या जन्मावर टाकणं साफ नाकारलं. परंपरेत मतभेद आहेत. मी सीवकाला मिळालेल्या उत्तराच्या बाजूची.

आईला दोष देण्यात विज्ञानानेही काही कमी केलेलं नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा स्वमग्न मुलांवरचा प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यातच आईबापांच्या कोरडेपणाची नोंद होती. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने थंड आईमुळे मूल असं होतं, हे मत लोकांत रुजवलं. त्याच्या तीन वर्षं आधी बर्नार्ड रिमलँड यांनी हे मेंदूच्या घडणीचं प्रकरण आहे असं मांडलेलं होतं. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. आज यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे ठाऊक आहे, तरी आमच्याच एखाद्या खोलीतून "तुम्ही मोबाइल दिला म्हणून झालं" असं ऐकू येतं. पूर्वजन्म काढला तरी दोषी आई, न काढला तरी आईच. माझ्या तासात मी मोबाइलचं ते वाक्य सगळ्या पेशांना एकत्र बसवून काढून टाकायला लावते. आईला पाच खोल्यांतून पाच कारणं मिळाली तर ती सहावं, आपलं स्वतःचं, त्यांच्या वर ठेवते. तिला एकच उत्तर मिळालं पाहिजे आणि ते सगळ्यांच्या तोंडी सारखं हवं: "तुमच्यामुळे झालेलं नाही."

रथाबद्दल माझी एक तक्रार राहतेच. रथाला कुठे जायचं नसतं. चाक, आस, दांडी यांतली एकही गोष्ट स्वतःहून काही मागत नाही. त्या मुलाला मात्र शिट्टी नको होती आणि चाक हवं होतं. हे हवं-नको चौघांपैकी कुणाच्या अहवालात बसत नाही, पण त्याला नुसतं नाव म्हणायलाही माझं मन घेत नाही. वडील असते तर या मुद्द्यावर त्यांच्याशी भांडले असते. त्यांनी बहुतेक विचारलं असतं, हवं-नको क्षणाक्षणाला बदलत नाही का? बदलतं. ट्रॅक्टर गेला, आता मिक्सरचं झाकण आहे.

आमच्या फिजिओंचा आक्षेप जास्त रोकडा आहे. "मॅडम, नागसेनाला ओपीडी नव्हती." खरं आहे. चटईभोवती आम्ही आठवड्यातून एकदाच बसतो, एका-दोन मुलांसाठी. बाकीची मुलं अजूनही कॉरिडॉरमधून फाईल घेऊन फिरतात. पुढच्या बॅचला अंगणवाडी सेविका आहेत, फिरत्या पथकाचे आयुष डॉक्टर आहेत, आणि पहिल्यांदाच मोठे डॉक्टरही पूर्ण दिवस येणार आहेत. पंडितवादाचा तास सकाळीच ठेवलाय. खुर्च्या बाहेर काढायचं ठरलंय. डॉक्टरांना चटईवर बसा म्हणून सांगायचं कुणी, यावर मात्र आमच्यात अजून एकमत नाही.