कॅमेरा कोणाबरोबर जातो?

'साहिब बीबी और गुलाम'मधला (१९६२) धाकटा जमीनदार संध्याकाळ झाली की कोठ्याकडे निघतो आणि मीनाकुमारीची छोटी बहू त्याला अडवते. नवऱ्याचं मन वळावं म्हणून तिने सिंदूर मागवून पाहिला, नटूनथटून पाहिलं. शेवटी त्याच्या शब्दाखातर ती दारूचा पेला तोंडाला लावते आणि पुढे त्यातून सुटत नाही. कोठ्यावरची मैफल पडद्यावर येते, पण तिथे गोष्ट नाही. गोष्ट आहे हवेलीतल्या त्या खोलीत, जिथे बायको मागे उरली आहे. रंगेल नवऱ्याने केलेली नासधूस मोजायची ती तिच्या चेहऱ्यावर, हे त्या चित्रपटाने ठरवूनच टाकलं होतं.

पुढच्या साठ वर्षांत हिंदी प्रेमपट त्या खोलीतून उठला आणि पुरुषाच्या मागोमाग बाहेर पडला, असं मला वाटतं.

सुरुवात त्याच दशकातली. शम्मी कपूरचे नायक बाईलवेडे होते असं नाही, पण मुलीच्या मागे लागणं हा ते खेळ समजत. 'ॲन इव्हनिंग इन पॅरिस'मध्ये (१९६७) शर्मिला टागोर चिडते, टाळते, निघून जाते, आणि तिच्या प्रत्येक नकारानंतर आणखी एक गाणं येतं. तिची नाखुशी म्हणजे होकाराआधीची मजा. गाणी गोड, शम्मीचा उत्साह मनापासूनचा, त्यामुळे आपण हे विनातक्रार स्वीकारलं आणि गल्लोगल्लीच्या पोरांनीही स्वीकारलं. छेड काढणं आणि प्रेम करणं यांतला फरक पडद्यावर पुसला गेला तो असा, हसतखेळत.

'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'ने (१९९५) यापुढचं पाऊल टाकलं. मराठा मंदिरात हजाराहून जास्त आठवडे चाललेल्या या चित्रपटातला एक प्रसंग मला नेहमी खटकतो. स्वित्झर्लंडमध्ये थंडीत नायिका सिमरन दारू पिते आणि सकाळी नायक राजच्या खोलीत जागी होते. रात्रीचं काही आठवत नाही. राज तिला भासवतो की रात्री व्हायचं ते होऊन गेलं. ती कोसळते, रडू लागते. मग तो गंभीर होऊन सांगतो की आपण हिंदुस्थानी आहोत, मुलीच्या अब्रूची किंमत जाणतो. आपल्याला हायसं वाटतं आणि राज आवडायला लागतो. पण तिच्या त्या काही क्षणांच्या भीतीचं काय? घरी बाप लग्न ठरवून बसलेला, महिन्याभराची मोकळीक मोठ्या मिनतवारीने मिळालेली. अशा मुलीच्या छातीत त्या क्षणी काय झालं असेल, इकडे चित्रपट वळत नाही. ती भीती नायकाचं चांगुलपण उठून दिसावं म्हणून वापरून झालेली असते.

'दिलवाले' काढणाऱ्या यशराज या निर्मितीसंस्थेच्याच घरात दोन वर्षं आधी 'डर' झाला होता. तिथे राजचं काम करणारा हाच शाहरुख खान राहुल होऊन किरणचा पिच्छा पुरवतो, चित्रपट त्याला विकृत ठरवून मारतो, तरी प्रेक्षकांच्या मनात राहिला तो राहुलच. किरणची दहशत कोणाला आठवते?

मग आला 'बचना ऐ हसीनो' (२००८), आणि पुरुषाच्या मागोमाग जाण्याच्या या रीतीचा मला वाटतो तो सर्वांत प्रामाणिक आणि म्हणूनच सर्वांत उघडा नमुना. नायकाचं नाव राजच. तो आधी माहीला फसवतो. ती 'दिलवाले' पाहून आपल्या राजची वाट पाहणारी मुलगी, आणि हा तिच्याबरोबर घालवलेल्या रात्रीच्या बढाया मित्रांत मारतो. मग राधिकाला लग्नाच्या दिवशी सोडून सिडनीला पळतो. तिथे रात्री टॅक्सी चालवून शिकणारी गायत्री त्याची लग्नाची मागणी नाकारते, तेव्हा कुठे त्याला कळतं की नाकारलं जाणं म्हणजे काय. तो मागच्या दोघींची माफी मागायला निघतो.

इथे कॅमेरा मागे वळतो खरा. माहीचा संसार दिसतो. त्या एका दगाबाजीने तिचं मन नवऱ्याच्या प्रेमालाही बंद झालं आहे, हे दिसतं. हे लिहिणाऱ्याला दुखणं समजलं होतं. पण आपण तिथे पोचतो ते राजचं बोट धरून, त्याला माफी हवी म्हणून. माहीची मधली सगळी वर्षं त्याच्या सुधारणेतला एक टप्पा होऊन जातात, आणि त्या सगळ्या टप्प्यांचं बक्षीस शेवटी गायत्रीच्या होकारात त्यालाच मिळतं.

'कॉकटेल'मध्ये (२०१२) नायक गौतमसारखीच मोकळेपणाने जगणारी व्हेरॉनिका आहे. तो सुधारतो आणि सालस मीराला पसंत करतो. व्हेरॉनिका मोडून पडते. एकच आयुष्य दोघं जगले, हिशेब मात्र तिच्याकडून चुकता करून घेतला.

२०१३ साली स्त्रीचा पाठलाग करणं हा कायद्याने गुन्हा ठरला. दंडविधानात कलम ३५४-ड आलं. त्याच वर्षी जूनमध्ये 'रांझणा' आला. मनगट कापून घेणारा कुंदन, नको म्हणून दमलेली झोया. झोयाच्या हातून त्याचा शेवट होतो, तरी अखेरचं मनोगत मरणाऱ्या कुंदनचंच आपल्या कानांत घुमत राहतं.

मागे राहिलेल्या बाईजवळ थांबणारे चित्रपट आपल्याकडे झालेच नाहीत असं नाही. १९८२ सालचे दोनच पाहा. 'अर्थ'मध्ये दुसरीकडे गेलेला नवरा परततो, तेव्हा शबाना आझमीची पूजा त्याला विचारते की मी असंच वागून परतले असते तर तू घेतलं असतंस का, आणि दार मिटते. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त स्मिता पाटीलची सुलभा महिलाश्रमातली नोकरी सोडून घरी येते, नवरा दुसरीबद्दल शांतपणे सांगतो, आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. दोन्ही प्रेमाबद्दलचेच चित्रपट आहेत, माझ्या मते आपल्याकडच्या बहुतेक प्रेमपटांपेक्षा अधिक. पण आपण त्यांना प्रेमपट म्हणत नाही. त्यांची जागा 'समस्याप्रधान', 'स्त्रीवादी', 'समांतर' अशा कप्प्यांत. प्रेमाच्या गोष्टीत बाईच्या बाजूने काय घडलं हे सांगायला सुरुवात केली की ती प्रेमाची गोष्ट राहत नाही, असं आपणच ठरवून बसलो आहोत.

'कबीर सिंग'वर (२०१९) पुष्कळ वाद झाला, तो बहुतेक कबीरच्या थपडेवर. मला त्याहून मोठी वाटते ती चित्रपटाच्या मधली पोकळी. त्याच्या प्रेयसीचं, प्रीतीचं, दुसऱ्याशी लग्न लावून दिल्यावर आपण सतत कबीरबरोबर असतो. त्याची दारू, त्याची व्यसनं, त्याच्या अंथरुणातल्या इतर बायका, सगळं सविस्तर. प्रीती भेटते ती थेट शेवटाकडे, एका बागेत, पोटुशी. मग कळतं की काही दिवसांतच तिने नवऱ्याचं घर सोडलं होतं, मूल कबीरचंच आहे आणि इतके महिने तिने एकटीने काढले. माहेर तुटलेलं, नवरा सोडलेला, कबीरचा पत्ता नाही, पोट वाढतंय, आणि तरी ही डॉक्टर मुलगी रोज उठून कामाला जाते. एवढी गोष्ट हातात असताना चित्रपटाने ती दोन-चार वाक्यांत उरकली. तीन तासांच्या चित्रपटात त्या महिन्यांतली एकही सकाळ आपल्याला पाहायला मिळालेली नाही.