भेट थोरांची, भार मधल्यांचा

हिवाळा सुरू झाला की बेळगावच्या आसपास कडोली, येळ्ळूर, सांबरा, उचगाव अशा गावांत मराठी साहित्य संमेलनांचा आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांचा हंगाम सुरू होतो. ग्रंथदिंडीपुढे मुले लेझीम खेळतात, मुंबई-पुण्याहून आलेल्या लेखकाच्या किंवा नटाच्या डोक्यावर फेटा चढतो, भाषण होते आणि मग वहीची पाने पुढे करत मुलांचा गराडा पडतो. ज्याला आजवर पुस्तकात किंवा पडद्यावर पाहिले तो माणूस आपल्या गावच्या मांडवात उभा आहे, याचा आनंद खरा असतो. सीमाभागातल्या मराठी मुलाला तर आपण कोणाच्या तरी हिशेबात आहोत, एवढा दिलासाही त्यातून मिळतो. पण भेटीचा आनंद आणि भेटीतून होणारी मदत या वेगळ्या गोष्टी आहेत. नामवंतांनी आपली कीर्ती मुलांसाठी वापरावी, असे आपण सहज म्हणतो. ती वापरायची कशी, याचा विचार मात्र फारसा होत नाही. माझे म्हणणे असे की, कीर्ती थेट मुलापर्यंत क्वचितच पोहोचते. तिला वाटेत एक मधला माणूस लागतो, फारसा कोणाला ठाऊक नसलेला आणि रोज हजर असणारा. नामवंताची मदत किती मोठी, हे ठरवताना त्याने त्या माणसाला किती बळ दिले ते आधी पाहावे.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड आणि तरुण भीमराव आंबेडकर यांच्या भेटीचे आहे. ही गोष्ट दानशूर राजा आणि हुशार विद्यार्थी एवढ्यावर आटोपण्याची आपली रीत आहे. त्यात कृष्णराव अर्जुन केळुसकर हे शिक्षक मागे पडतात. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा मुलगा हेरला तो केळुसकरांनी. अस्पृश्य समाजातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करू, असे सयाजीरावांनी मुंबईतल्या सभेत जाहीर केले होते. त्या शब्दाची आठवण देत भीमरावांना महाराजांपुढे नेऊन उभे केले तेही केळुसकरांनीच. त्या भेटीतून आधी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि 1913 मध्ये अमेरिकेतल्या शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. त्यासाठी करार झाला, सही झाली, शिक्षणानंतर बडोदे संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याची अट पडली. त्या अटीचे पुढे काय झाले हा निराळा विषय. इथे लक्षात घ्यायचे ते इतकेच की घोषणा महाराजांची होती, पण ती एका नावापर्यंत नेणारा माणूस होता, आणि मदतीला रक्कम, मुदत व कागद होता. यातले काहीच नसते तर ती सभा टाळ्यांवरच संपली असती.

ज्याला अशी मदत मिळाली, त्याने ती पुढे कशी दिली, हे पाहायला निपाणी-धारवाडकडे यावे लागते. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा डॉ. आंबेडकर या गावात आले. बेळगाव आणि धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. 1927 मध्ये ते कायदे कौन्सिलचे सभासद झाले, त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला आणि त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. त्या नावाचे त्यांनी काय केले? जून 1928 मध्ये दलितवर्ग शिक्षण संस्था काढली, सरकारकडे पाठपुरावा करून माध्यमिक शाळेतल्या मुलांच्या वसतिगृहांना अनुदान मिळवले आणि ते पुरेना तेव्हा दात्यांची दारे ठोठावली. त्यातले एक वसतिगृह धारवाडला निघाले. त्याची व्यवस्था निपाणीच्या वराळे कुटुंबातले बळवंतराव वराळे यांनी वर्षानुवर्षे पाहिली. वसतिगृह चालवणे हे भाषणात शोभून दिसणारे काम नव्हे. जोंधळा किती दिवस पुरेल, दिव्याला रॉकेल आहे का, कोणाची फी तुंबली, कोण तापाने फणफणला, सुट्टीत गावी गेलेला कोण परत आला नाही, या प्रश्नांना रोज तोंड द्यावे लागते. बाबासाहेबांच्या शब्दाला सरकारदरबारी वजन होते. वराळ्यांकडे त्या शब्दाला भाकरीचे रूप देण्याची चिकाटी होती. दोघांपैकी एक जरी नसता तरी ते वसतिगृह कागदावरच राहिले असते.

बळवंतराव पुढे बाबासाहेबांच्याच सांगण्यावरून औरंगाबादच्या शैक्षणिक कामात गेले. त्यांचे नातू प्रसन्न वराळे यांचा जन्म निपाणीचा. ते ऑक्टोबर 2022 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले आणि जानेवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. एका घराच्या उत्कर्षावरून सिद्धान्त मांडू नये, हा आक्षेप इथे कोणी घेईल आणि तो रास्त आहे. न्यायमूर्ती घडले म्हणून ते वसतिगृह यशस्वी, असे मी म्हणत नाही. तिथून शिकून मास्तर, कारकून, तलाठी झालेले तितकेच महत्त्वाचे. या उदाहरणातून इतकेच दिसते की मधल्या माणसाला टिकाऊ काम दिले तर त्याची फळे नामवंताच्या आयुष्यापलीकडे, आणि कधी कधी मधल्या माणसाच्याही घरात, लागत राहतात. दुसरा आक्षेप असा की बाबासाहेबांची तुलना सिनेनटांशी कशी करायची? योग्यतेची तुलना होऊच शकत नाही. पण पद्धत उचलता येते, आणि ती थोरवीवर अवलंबून नाही. संस्था ठरवणे, रक्कम ठरवणे, मुदत ठरवणे आणि नेमलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहणे, एवढे कोणत्याही नामवंताला जमण्यासारखे आहे.

नेहमी ऐकू येणारा आक्षेप हेतूचा असतो: हे सगळे प्रसिद्धीसाठी चालते. समजा तसे असले, तरी मुलाच्या ताटातल्या भाताला देणाऱ्याच्या मनाचा वास येत नाही. शिवाय निरपेक्षतेची खात्री करून घ्यायची कशी? त्यापेक्षा काम नामवंताशिवाय चालते का, हे तपासणे सोपे आणि अधिक उपयोगाचे. 1954 मध्ये डॅनी के हा विनोदी नट युनिसेफचा पहिला सदिच्छादूत झाला, तेव्हा त्याच्या मागे लसी आणि औषधे घेऊन गावोगाव फिरणारी यंत्रणा उभी होती. त्याचे काम लोकांचे लक्ष तिकडे वळवण्याचे होते. आपल्या शेजारचे उदाहरण कन्नड नट पुनीत राजकुमार यांचे. बेळगावात 1 नोव्हेंबरला एका बाजूला राज्योत्सवाची मिरवणूक निघते आणि दुसऱ्या बाजूला मराठी माणूस काळा दिन पाळतो. त्याच 1 नोव्हेंबरला, 2022 साली, पुनीत यांना मरणोत्तर कर्नाटकरत्न देण्यात आले. भाषेचा वाद आपल्या जागी आहे, पण 'अप्पू'च्या जाण्याची हळहळ मराठी घरांतही होती. म्हैसूरच्या शक्तिधाम या निराधार स्त्रिया व मुलांच्या संस्थेशी राजकुमार कुटुंबाचे नाते जुने आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये पुनीत अकाली गेले, तरी शक्तिधाम चालू राहिले, कारण ते एका नटाच्या तारखांवर उभे नव्हते.

मग प्रसिद्ध व्यक्ती स्वतःच मधली व्यक्ती असेल तर? सिंधुताई सपकाळांचे तसे होते. गावोगाव बोलायचे आणि मिळालेल्या पैशातून मुलांचा संसार चालवायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम होता. 2010 च्या चित्रपटाने आणि 2021 च्या पद्मश्रीने त्या आवाजाचा पल्ला वाढवला. ही पद्धत अतुलनीय आहे आणि त्याच कारणाने तिचा कित्ता गिरवणे अवघड. आवाज थांबला की झोळी रिती होण्याची भीती तिच्यातच असते. चिक्कोडी तालुक्यातल्या कब्बूरच्या सीतव्वा जोडट्टी यांचा प्रवास उलट दिशेचा आहे. कोवळ्या वयात देवदासी म्हणून सोडलेल्या या बाईने घटप्रभेच्या मास या संस्थेतून, 1997 पासून, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने चालणाऱ्या त्या प्रथेविरुद्ध काम केले. देवदासी समर्पणाला कर्नाटकाने 1982 च्या कायद्याने बंदी घातली. पण शाळेच्या दाखल्यावर बापाचे नाव काय लावायचे, या प्रश्नाशी आई आणि मूल दोघेच झुंजत राहिले. कायदा दारापर्यंत नेणारे कोणी तरी लागतेच. 2018 मध्ये सीतव्वांना पद्मश्री मिळाली. म्हणजे इथे कीर्ती शेवटी आली आणि मधल्या माणसालाच आली. आपण मात्र अशा माणसाला व्यासपीठावर चार वक्त्यांतला एक करून बसवतो आणि मुख्य पाहुणा बाहेरून आणतो.

सर्वांत गंभीर आक्षेप शेवटचा: मुलांचे शिक्षण आणि संगोपन हे सरकारचे कर्तव्य आहे, नामवंतांच्या दयेवर ते सोपवले की सरकार सुटते. शिक्षणहक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू असताना देणग्यांचे कौतुक कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि धारवाडच्या वसतिगृहात त्याला उत्तरही आहे. बाबासाहेबांनी सरकारऐवजी वसतिगृहे काढली नाहीत, सरकारला खर्चात ओढून ती काढली. सामान्य पालकाचा अर्ज टेबलावर धूळ खातो, नामवंताच्या पत्राला उत्तर द्यावे लागते. त्या पत्राचा उपयोग सीमाभागातल्या मराठी शाळेतली शिक्षकांची रिकामी जागा भरून घ्यायला झाला, तर तो धनादेशापेक्षा अधिक काळ टिकेल.

म्हणून पाहुणा बोलावताना आयोजकांनी मानधनाबरोबर आणखी दोन गोष्टी ठरवून घ्याव्यात: पुढची तीन वर्षे कोणत्या एका शाळेचे किंवा वसतिगृहाचे काम ते आपल्या नावावर घेणार, आणि तिथल्या कोणत्या शिक्षकाचा किंवा अधीक्षकाचा फोन ते स्वतः उचलणार. निराधार मुलांच्या संस्थेत भेट असेल तर छायाचित्रांना आधीच नकार द्यावा. 2015 च्या बाल न्याय कायद्याचे कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि कायदा नसता तरी मुलाची असहायता ही कोणाच्या मोठेपणाची पार्श्वभूमी होऊ नये. या अटी ऐकून काही पाहुणे येणार नाहीत. जे येतील त्यांच्याभोवती मुलांनी खुशाल गराडा घालावा आणि सह्या घ्याव्यात. त्याआधी एक सही मात्र त्या करारावर झालेली असावी.