विस्मृती कोणाची?

नाताळचा सण आटोपला की चार दिवसांची सवड काढावी आणि जगाच्या राबत्यापासून दूर पडलेल्या एखाद्या स्थळी जाऊन राहावे, हा आमचा जुना परिपाठ. हिवाळ्यातील प्रवासास एक निराळीच प्रसन्नता असते. पहाटेच्या एस. टी.च्या काचांवर दव साचलेले असते, प्रवासी शालीत गुरफटून गप्प बसलेले असतात आणि मन आपोआप अंतर्मुख होते. त्या वर्षी आम्ही रेवदंडा व कोर्लई पाहावयाचे ठरविले. त्यासाठी पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याचा नेम एका आठवड्याने पुढे ढकलला. त्या वेळी त्यात आम्हांस काही वावगे वाटले नाही.

रेवदंडा अलिबागहून सुमारे १७ किलोमीटरांवर आहे. गावाभोवती पोर्तुगीज चौलचा तट आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या. त्या गर्द सावलीत चर्चच्या व मठांच्या भिंती उभ्या आहेत. छपरे केव्हाच गेली. जेथे वेदी असेल तेथे रानवेली माजल्या आहेत. वसईच्या किल्ल्यात लहानपण घालविलेल्या आम्हांस हे दृश्य परके नव्हते. तरीही त्या शांततेने आम्हांस भारून टाकले. किती सुंदर हा एकांत, असे उद्गार आमच्या तोंडून निघाले.

दुसऱ्या दिवशी कुंडलिका खाडीवरील पूल ओलांडून आम्ही कोर्लईस गेलो. समुद्रात शिरलेला तेथील डोंगर पोर्तुगिजांनी १५९४ साली निजामशाहीकडून जिंकून घेतला. पुढे १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली आणि १७४० साली तहान्वये चौल व कोर्लईही मराठ्यांच्या स्वाधीन झाले. राज्य गेले, अधिकारी गेले, मठ रिते झाले. ज्यांना जाण्यासाठी दुसरा देश नव्हता, ती गोरगरीब ख्रिस्ती माणसे मात्र डोंगराच्या पायथ्याशीच राहिली.

त्यांनी आपली श्रद्धा जपली आणि आपली बोलीही जपली. तिला ते ‘नॉ लिंग’ म्हणतात. म्हणजे ‘आमची भाषा’. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वाक्याच्या ठेवणीवर मात्र मराठीची दाट छाया. क्लॅन्सी क्लेमंट्स या भाषाशास्त्रज्ञाने १९९६ साली तिच्यावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. ती बोलणारी माणसे आज हजाराच्या आसपास असतील. आरमारे, तोफा आणि तट ज्या गोष्टीचे रक्षण करू शकले नाहीत, ती चुलीपाशी बसलेल्या आयांनी अडीचशेहून अधिक वर्षे राखली.

चर्चपाशी एक वृद्ध गृहस्थ उन्हाला बसले होते. नातीला त्यांनी आपल्या बोलीत हाक मारली आणि आमच्याकडे वळून मराठीत विचारले, “फादर, किल्ला बघायला आलात ना?”

“होय,” आम्ही म्हणालो.

“सगळे किल्लाच बघायला येतात,” ते हसून म्हणाले. “किल्ल्यात आता कोण आहे? आम्ही इथं खाली राहतो.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते आमच्या अधिक जिव्हारी लागले. किल्ला चढताना, वरच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये उभे असताना, एकच विचार आमचा पाठलाग करीत राहिला. एखाद्या गावास आपण ‘विस्मृतीत गेलेले’ म्हणतो, तेव्हा ती विस्मृती कोणाची असते? गाव स्वतःस विसरत नाही. तेथे मुले जन्मतात, प्रार्थना होतात, वालाच्या शेंगा तोडल्या जातात. विसरलेलो असतो आपण. आणि आपला दोष मात्र आपण त्या गावाच्या नावावर मांडतो.

मग एकांताची ओढ हा दोष मानावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. प्रभू येशूही लोकसमुदायातून निघून निर्जन स्थळी जात असे. परंतु तो परत येई, आणि त्याची वाट पाहणारी माणसे तेथून त्याला दिसत असत. आमच्या एकांतात आणि त्याच्या एकांतात हे अंतर आहे. भग्न भिंतींसाठी हळवे होणे सोपे असते, कारण भिंती काही मागत नाहीत. जिवंत माणूस मागतो. निदान आपला वेळ तरी मागतो.

परतल्यावर, ढकललेल्या त्या शुक्रवारी, आम्ही ख्रिस्तप्रसाद घेऊन निघालो. आळीच्या टोकाला एक म्हातारी बाई वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून आहे. मेजावर पांढरे वस्त्र अंथरलेले होते, मेणबत्ती तयार होती. प्रार्थना झाल्यावर ती म्हणाली, “फादर, गेल्या शुक्रवारीही मेज मांडलं होतं. दुपारी सुनेनं आवरलं.”

आम्ही प्रवासाची हकिगत सांगू लागलो होतो, ती अर्ध्यावरच राहिली. अर्धविस्मृत स्थळे शोधण्यासाठी आम्ही खाडी ओलांडून गेलो होतो. असे एक स्थळ आमच्याच धर्मग्रामात, चर्चच्या घंटेच्या टप्प्यात होते, आणि ते आम्हीच निर्माण केले होते.

हिवाळा आला की प्रवासाची ओढ आम्हांस आजही लागते, आणि आम्ही जातोही. मात्र निघण्यापूर्वी आता आजाऱ्यांची यादी पाहतो.